अरादच्या कोठारातला एक दिवस

जुन्या करारात यहूदा राज्याच्या अखेरच्या दिवसांची हकिकत येते ती राजांची आणि संदेष्ट्यांची. कोणता राजा परमेश्वराच्या दृष्टीने वाईट निघाला, यिर्मयाने मंदिराच्या दारात उभं राहून लोकांना काय सुनावलं, बाबेलच्या नबुखद्नेस्सराचं सैन्य कधी येऊन धडकलं. थोरामोठ्यांच्या या गर्दीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. सीमेवर पहारा देणाऱ्या शिपायाला भाकरी कोण देत होतं?

त्याचं उत्तर यहूदाच्या दक्षिण टोकाला, नेगेवच्या माळावर सापडलं. अरादची गढी जेमतेम पन्नास मीटर लांब आणि तेवढीच रुंद. योहानान अहारोनी या इस्रायली पुरातत्त्वज्ञाने १९६२ ते १९६७ या काळात ती खणली, तेव्हा शाईने लिहिलेली खापरं हाती लागली. इब्री मजकुराची नव्वदच्या आसपास. त्यांतली अठराएक तटालगतच्या एकाच खोलीतली, आणि बहुतेकांवर एकाच माणसाचं नाव: एल्याशीब. बापाचं नाव अश्याहू. बायबलमध्ये एल्याशीब नावाची दुसरी माणसं आहेत, हा नाही.

शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असत. त्यातला कारखानीस म्हणजे दाणागोटा आणि सामानसुमान सांभाळणारा, कोठीच्या किल्ल्या कमरेला बाळगणारा. एल्याशीब हा अरादचा कारखानीस.

खालचा दिवस कुठल्या एका तारखेचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. निरनिराळ्या दिवशी आलेली खापरं मी एका दिवसात ओवली आहेत. हुकूम खरे, क्रम माझा, घड्याळ आपलं. महिना मात्र खापरावरचाच: दहावा, म्हणजे आपल्याकडचे मार्गशीर्ष-पौषाचे दिवस. वर्ष इ.स.पू. ६०० च्या आगेमागे.

पहाटे साडेपाच

थंडी अंगाला झोंबते आहे. अराद साडेपाचशे मीटरांहून उंचावर, आणि नेगेवमध्ये दुपारी ऊन कितीही लागलं तरी या दिवसांत रात्री हाडं गारठतात. गढीतला पहिला आवाज दळणाचा. गोल फिरणारं जातं या मुलखात अजून आलेलं नाही. लांबट दगडावर धान्य पसरायचं, गुडघे टेकायचे आणि दुसरा दगड दोन्ही हातांनी मागेपुढे रेटत राहायचं. हा आवाज बंद पडणं म्हणजे देश ओसाड होणं, असं यिर्मयाच्या ग्रंथात आहे. ज्याने रोज पहाटे तो आवाज ऐकला असेल त्याला यात अलंकार वाटला नसेल.

कोठार उघडण्याआधी पाणी. इथे वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरही नाही. गढीच्या पोटात खडक फोडून टाकी खोदली आहेत, आणि तटातून आत जाणारा एक पाट त्यांत उतरतो. विहीर मात्र गढीत नाही. ती खाली, ओसाड नगराच्या सखल भागात. तिथून पाणी जनावरांच्या पाठीवर वर आणायचं आणि तटाबाहेर पाटात ओतायचं. ते खालचं नगर एल्याशीबाच्या काळीच दोन हजार वर्षं ओस पडलेलं होतं. पुढे रूथ अमिरान या संशोधिकेने ते खणलं. गढीच्या पायथ्याशी रस्ते, घरं, तट असं सगळं आखीव शहर निघालं. एल्याशीबाच्या पखालवाल्यांना त्यातलं काय दिसत असेल? दगडांचे ढीग, बस्स.

सकाळी सात

सूर्य वर येतो आणि पहिला हुकूम येतो. हातभर कागद नाही, चामड्याची गुंडाळी नाही. फुटलेल्या रांजणाचा एक तुकडा, तळहातावर मावेल एवढा. त्यावर काजळीच्या शाईने, बोरूने, उजवीकडून डावीकडे पाच-दहा ओळी.

असलं एक खापर जवळून बघण्यासारखं आहे. मायना फक्त ‘एल्याशीबास’. नमस्कार नाही, खुशाली नाही. लगेच ‘आणि आता’, आणि कामाला सुरुवात. कित्तीम लोकांना तीन बथ द्राक्षारस दे. दिवसाची तारीख लिहून ठेव. पहिल्या पिठातलं जे उरलं आहे त्यातून एक माप पीठ त्यांच्या भाकरीसाठी लादून पाठव. द्राक्षारस मोठ्या घंगाळांतला दे. संपलं.

एवढ्याशा मजकुरात कारभाराचं सगळं व्याकरण आलं. कोणाला, काय, किती, कशातून, आणि नोंद. ‘तारीख लिहून ठेव’ हे वाक्य मला सगळ्यात बोलकं वाटतं. वरच्या अधिकाऱ्याचा एल्याशीबावर विश्वास असेल किंवा नसेल; हिशेब विश्वासावर चालत नाही हे त्याला ठाऊक आहे. महिनाअखेरीला ही खापरं जुळवायची, कोठारातून गेलेला माल आणि आलेला हुकूम यांचा मेळ घालायचा, म्हणूनच ती एका खोलीत जपलेली सापडली. फेकून द्यायची असती तर उकिरड्यात सापडली असती.

आकडे बहुतेक ठिकाणी इजिप्तच्या पद्धतीचे. अक्षर इब्री, अंक इजिप्शियन. नाईलच्या काठच्या कारकुनांनी बसवलेली चिन्हं यहूदाच्या कोठारात सर्रास चालत होती, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. बायबलमधले संदेष्टे इजिप्तच्या नावाने बोटं मोडतात, त्यांच्याच राज्यातला हिशेब इजिप्तच्या आकड्यांत मांडला जात होता.

सकाळी साडेआठ

दाराशी गर्दी. कित्तीम आले.

हे कोण, यावर बराच काथ्याकूट झाला आहे. सायप्रस बेटावर कितियोन नावाचं बंदर होतं, हल्लीचं लार्नाका. त्यावरून पूर्व भूमध्य समुद्रातल्या ग्रीक बेटकऱ्यांना सरसकट कित्तीम म्हणत. बहुतेक अभ्यासक अरादच्या कित्तीमांना भाडोत्री ग्रीक शिपाई समजतात. म्हणजे यहूदाच्या वाळवंटी सीमेवर, परमेश्वराच्या नावाने एकमेकांना आशीर्वाद देणाऱ्या माणसांच्या गढीतून, परक्या देवांना भजणारे परदेशी शिपाई शिधा उचलत होते. तो काळच सरमिसळीचा. इ.स.पू. ६०९ मध्ये योशीया राजा मगिद्दोला इजिप्तच्या फारोकडून मारला गेला. ६०५ मध्ये कर्कमीशला बाबेलने इजिप्तचा पराभव केला. ६०४ मध्ये नबुखद्नेस्सराने अश्कलोन बंदर उद्ध्वस्त केलं, ६०१ मध्ये तो इजिप्तवर चालून गेला आणि हात पोळून परत आला. दोन हत्तींच्या झुंजीत यहूदा पायाखाली. अशा वेळी ज्याच्या कमरेला तलवार आहे त्याला जेवू घालणं भाग होतं.

किती जेवू घालायचं, तेही खापरावर आहे. एका हुकुमात चार दिवसांसाठी दोन बथ द्राक्षारस आणि तीनशे भाकरी मागितल्या आहेत. तीनशे भाकरी चार दिवसांना म्हणजे दिवसाला पंचाहत्तर. माणशी तीन धरल्या तर पंचवीस माणसं होतात. बथ हे माप साधारण बावीस लिटरचं धरतात, तेव्हा दोन बथ म्हणजे चव्वेचाळीस लिटर, दिवसाचे अकरा, आणि पंचवीस तोंडांना वाटल्यावर माणशी अर्धा लिटरही नाही. चैन नव्हे, शिधाच.

त्याच खापरावर पुढे आहे: एक माप द्राक्षारसाने भरून उद्याच पाठव, उशीर करू नकोस. आणि आंब शिल्लक असेल तर तीही देऊन टाक. आंब म्हणजे आंबून गेलेला द्राक्षारस. बवाज रूथला शेतावर जेवायला बसवतो तेव्हा भाकरीचा घास आंबेत बुडवून खा म्हणतो, तीच ही. राबणाऱ्या माणसाचं तोंडीलावणं. कोठारात तळाला काय उरलं आहे याची वरच्या अधिकाऱ्याला बारीक खबर होती, आणि वाया काही जाऊ द्यायचं नव्हतं. ‘उशीर करू नकोस’ मधला आवाज कुठल्याही शतकातल्या साहेबाचा.

सकाळी दहा

तेल. द्राक्षारस आणि पीठ एकीकडे, तेल एकीकडे. तेलाला मोहोर लागते.

आता एल्याशीब स्वतः गढीत नसावा, किंवा असला तरी दुसऱ्या कामात. कारण हे खापर नहूम नावाच्या माणसाला उद्देशून आहे. त्याला सांगितलं आहे, एल्याशीबाच्या घरी जा, तिथून तेलाचं एक भांडं घे, तुझी मोहोर लाव आणि लगोलग पाठव. नहूमने सांगितलं तसं केलं. खापर उलटं केलं की मागे पावती आहे: महिन्याच्या २४ तारखेला नहूमने कित्तीम माणसाच्या हाती तेल दिलं, एक. पुढे हुकूम, मागे पोच. त्या एका तुकड्यात व्यवहार पुरा झाला, आणि सव्वीसशे वर्षांनी आपल्याला त्याच्या दोन्ही बाजू वाचता येतात.

एल्याशीबाच्या नावाच्या मोहोरांबद्दलही इथेच सांगायला हवं. त्याच्या नावाच्या तीन मोहोरा अरादला मिळाल्या, पण त्या खापरांच्या थरात नव्हे, त्याच्या खालच्या, आधीच्या थरात. म्हणजे गढी एकदा पडली, पुन्हा उभी राहिली आणि दोन्ही वेळा कोठार याच माणसाकडे होतं, असं अहारोनींचं म्हणणं. राजे बदलले, कारखानीस तोच. मला हे सहज पटतं.

दुपारी बारा

काम ओसरलं की खाजगी पत्र वाचायला सवड. हनन्याहू नावाच्या माणसाने ‘तुझा भाऊ’ म्हणून लिहिलं आहे. भाऊ म्हणजे सख्खाच असेल असं नाही; बरोबरीच्या अधिकाऱ्याला असं म्हणायची रीत होती. इथे मायना भरघोस आहे. एल्याशीबाची आणि त्याच्या घरच्यांची खुशाली विचारली आहे, परमेश्वराच्या नावाने आशीर्वाद दिला आहे, मग मुद्दा: आठ शेकेल चांदी कोणाकोणाच्या हाती पाठवली त्याची खबर. नाणी अजून या देशात चालत नाहीत. चांदी दगडी वजनांनी तोलून द्यायची. यहूदाचा शेकेल सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हे सगळे मिळून नव्वदएक ग्रॅम.

हे खापर १९६० च्या दशकात निघालं, त्याचा फोटो छापला गेला, वाचन झालं, आणि मागची बाजू कोरी म्हणून सोडून देण्यात आली. शाई एकदा उजेडात आली की उडत जाते. डोळ्यांना मागे काही दिसत नव्हतं. पन्नासएक वर्षांनी, २०१७ मध्ये, तेल अवीव विद्यापीठाच्या मंडळींनी वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात त्याची छायाचित्रं घेतली तेव्हा मागे मजकूर उमटला. हनन्याहू पत्राच्या शेवटी म्हणतो आहे की द्राक्षारस असेल तर पाठव. तुला काही लागत असेल तर कळव. इतकी वर्षं विद्वानांच्या नाकाखाली दारूची मागणी लपून बसली होती.

याच मंडळींनी त्याआधी, २०१६ मध्ये, अरादची सोळा खापरं संगणकाला वाचायला दिली. वाचायला म्हणजे अक्षरांची वळणं ताडून पाहायला: लिहिणारे हात किती? उत्तर आलं, निदान सहा. मग २०२० मध्ये इस्रायली पोलिसांतून निवृत्त झालेल्या हस्ताक्षरतज्ज्ञ बाईंनी अठरा मजकूर स्वतःच्या डोळ्यांनी, खोटी सही पकडतात त्या पद्धतीने तपासले. त्यांनी निदान बारा हात मोजले. वीस-तीस शिपायांच्या एका आडवळणाच्या गढीशी ज्यांचा पत्रव्यवहार आहे, त्यांत बारा माणसं लिहिती. एल्याशीब लिहितो, त्याच्या हाताखालचा नहूमही वाचतो.

यावरून बायबलबद्दलचा एक जुना वाद पुन्हा पेटला. यरुशलेमचा पाडाव होण्याआधी, म्हणजे इ.स.पू. ५८६ पूर्वी, यहूदात मोठे ग्रंथ रचण्याइतकं लेखन-वाचन होतं का? काहींचं म्हणणं, अनुवादापासून राजांपर्यंतचा इतिहास पाडावानंतरच, बाबेलमध्ये किंवा त्याहून उशिरा, लिहिला गेला असावा. अरादची खापरं त्यांना थोडं मागे रेटतात. मला विचाराल तर ‘तीन बथ दे’ असं लिहिता येणं आणि यशयाचं काव्य रचता येणं यांत मैलांचं अंतर आहे. कोठावळ्याच्या चिठ्ठीवरून ग्रंथकार सिद्ध होत नाही. पण वाचणारे असल्याशिवाय गुंडाळ्या कोणी लिहीत नाही. सीमेवरचा कारकून ज्या राज्यात हुकूम वाचतो, त्या राज्यात यिर्मया लेखनिक बारूखाला बसवून आपली वचनं लिहवून घेतो यात नवल वाटण्याजोगं काही उरत नाही.

आणि उरलं काय ते बघा. यिर्मयाची ती गुंडाळी यहोयाकीम राजाने हिवाळ्यात शेगडीपुढे बसून, चाकूने कापून कापून जाळली, असं त्याच्याच ग्रंथात आहे. यहूदातल्या कागदांचं, म्हणजे इजिप्तहून येणाऱ्या पपायरसचं, जवळजवळ सगळ्याचंच असं काहीतरी झालं: आग, ओल, वाळवी. खापर एकदा भट्टीतून निघालेलंच असतं. आगीने त्याचं फारसं बिघडत नाही.

दुपारी तीन

गाढवं लादायची आहेत. हनन्याहूच्याच नावाने आलेला एक हुकूम सांगतो की दोन गाढवांचं ओझं घेऊन बैर-शेबाला जायचं. कणीक बांधून घे, गहू आणि भाकरी मोजून घे. बैर-शेबा पश्चिमेला तीसएक किलोमीटर, गाढवाच्या चालीने पुरा दिवस. उद्या उजाडताच निघायचं तर गोण्या आज शिवून ठेवायला हव्यात.

जाता जाता: त्याच मुलखात, बैर-शेबा आणि डिमोना या गावांत, आज मराठी बोलणारी माणसं राहतात. कोकणातले आणि मुंबईतले बेने इस्राएल ज्यू १९५० नंतर इस्रायलला गेले, त्यांतल्या अनेकांना नेगेवच्या नव्या वसाहतींत घरं मिळाली. डिमोनाहून अराद अगदीच जवळ. तेलाच्या घाण्यावरून कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्यांचे नातू-पणतू एल्याशीबाच्या शेजारी जाऊन राहिले.

सूर्यास्त

दिवस आखूड. पाच वाजायच्या आत उजेड जातो.

एल्याशीब प्रार्थनेला गढीतल्या देवळात गेला असता, पण देऊळ नाही. होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गढीच्या एका कोपऱ्यात परमेश्वराचं छोटं मंदिर होतं: अंगण, होमाची वेदी, आणि आत गाभाऱ्याच्या तोंडाशी चुनखडीच्या दोन लहान धूपवेद्या. मग कोणीतरी त्या वेद्या आडव्या ठेवल्या, वर माती लोटली आणि जमीन सारखी केली. मोडतोड केली नाही, पुरलं. हे हिज्कीया राजाच्या धर्मसुधारणेत झालं, की आणखी कशाने, यावर एकमत नाही. राजांच्या पुस्तकात मात्र हिज्कीयाने आणि नंतर योशीयाने यरुशलेमबाहेरची उच्चस्थानं मोडल्याचं ठळक सांगितलं आहे, आणि अरादचं पुरलेलं मंदिर त्या मजकुराशेजारी ठेवून वाचण्याचा मोह कोणालाही होईल.

२०२० मध्ये त्या वेद्यांच्या माथ्यावरची काळी राख प्रयोगशाळेत गेली. मोठीवर ऊद निघाला, प्राण्यांच्या चरबीत मिसळलेला. लहानीवर गांजा, शेणात मिसळून जाळलेला. नशेसाठी, असं संशोधकांचं मत, कारण नुसत्या वासासाठी गांजा जाळायचं कारण नाही. ऊद अरबस्तानातून येई, उंटांच्या तांड्यांबरोबर, आणि त्या वाटांवर नजर ठेवायलाच तर ही गढी होती. हे सगळं एल्याशीबाच्या पायाखाली पुरलेलं, आणि त्याला त्याची गंधवार्ता होती की नाही कोण जाणे.

त्याच्या काळात देऊळ म्हटलं की यरुशलेमचं. हाताखालच्या कोणीतरी लिहिलेल्या एका खापरावर त्याची झलक दिसते. मायना अदबीचा: माझ्या धन्यास, परमेश्वर आपलं कुशल राखो. अमक्याला इतकं दे, तमक्याला इतकं. मग: आपण ज्या बाबतीत मला आज्ञा केली होती ती पार पडली आहे, तो परमेश्वराच्या मंदिरात आहे. तो कोण, कशासाठी तिथे थांबला, आश्रयाला की नोकरीला, काहीच नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं होतं.

रात्री

रात्रीचा निरोप कोठाराचा नव्हे, माणसांचा.

हे खापर इतरांपेक्षा मोठं. पुढची बाजू जवळजवळ पुसली गेली आहे, मागची वाचता येते. अरादहून आणि किनाहून माणसं काढा, मल्कीयाहूबरोबर रामोथ-नेगेवला पाठवा, त्याने ती तिथे यिर्मयाहूचा मुलगा अलीशा याच्या हवाली करायची. शहराला काही अपाय होऊ नये. राजाचा हुकूम आहे, न पाळाल तर जिवाशी गाठ आहे. आज मी तुम्हाला बजावतो आहे: माणसं अलीशाकडे पोचलीच पाहिजेत. नाहीतर एदोम तिथे येईल.

(यिर्मयाहू, अलीशा ही नावं वाचून दचकू नये. संदेष्ट्यांची नावं तेव्हा घरोघर होती.)

आपण बायबल वाचतो तेव्हा शत्रू म्हणजे बाबेल. अरादच्या शिपायाला भीती एदोमाची होती, मृत समुद्राच्या पलीकडून चढून येणाऱ्या शेजाऱ्याची. आणि ती पोकळ भीती नव्हती. अरादच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर होर्वात किटमीत म्हणून टेकडी आहे. तिथे याच काळातलं एदोमी देवस्थान निघालं, त्यात तीन शिंगांच्या देवीचं मस्तक. म्हणजे एदोमी लोक यहूदाच्या मुलखात देवळं बांधण्याइतके आत शिरले होते. ओबद्या संदेष्ट्याचा एका प्रकरणाचा ग्रंथ सगळाच एदोमावर आग ओकतो. भाऊ असून भावाच्या नाशाच्या दिवशी आनंद केला, हा त्याचा आरोप ग्रंथात वाचताना त्वेषाचा वाटतो. या खापराशेजारी ठेवला की तो सीमेवरच्या बातमीसारखा वाचता येतो.

कुमक गेली की नाही, कळत नाही. एल्याशीबाने त्या रात्री माणसं मोजली असतील, आणि त्यांच्याबरोबर किती दिवसांचं पीठ द्यायचं तेही.

त्यानंतर

गढी जळाली. इ.स.पू. ५९७ मध्ये की दहाएक वर्षांनी, बाबेलकडून की एदोमाकडून, हे नक्की सांगता येत नाही. खापरं मात्र त्या जळक्या थरात होती. आज त्यांतली काही, आणि मंदिराच्या त्या दोन धूपवेद्या, यरुशलेमच्या इस्राएल संग्रहालयात आहेत.

५९७ च्या मार्चमध्ये यरुशलेमने शरणागती पत्करली. बाबेलच्या राजांच्या इतिवृत्तात त्याची तारीख आहे: अदार महिन्याची दुसरी. अठरा वर्षांचा राजा यहोयाखीन कैद होऊन बाबेलला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट कोल्डेवेने बाबेलचा राजवाडा खणला, तेव्हा मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या कोठाराच्या याद्या मिळाल्या. अर्न्स्ट वाइडनर यांनी त्या १९३९ मध्ये वाचून प्रसिद्ध केल्या. एक यादी इ.स.पू. ५९२ ची आहे. तेल कोणाकोणाला दिलं त्याची ती नोंद. सुतार, खलाशी, निरनिराळ्या देशांचे कैदी यांच्या रांगेत ‘यहूदाचा राजा’ यहोयाखीन आणि त्याची पाच मुलं आहेत, नोंदीपुढे तेलाचं माप आहे. बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य याच यहोयाखीनाबद्दल आहे: बाबेलच्या राजाकडून त्याला रोजचा शिधा मरेपर्यंत मिळत राहिला.